मागून चालणारे आप्पा

आप्पा भोईर माझ्याशी पहिलं वाक्य बोलले ते माझ्या पाठीमागून. कळंबच्या शाळेत मी नवीनच रुजू झालो होतो. बसमधून उतरून शाळेकडे निघालो, तर मागे कोणीतरी आहे असं वाटत राहिलं. वळून पाहिलं. पायजमा-बनियनमधला एक ठेंगणा गृहस्थ डावा खांदा उडवत, उजवा हात झुलवत, अगदी माझ्यासारखा चालत येत होता. मी थांबलो, तोही थांबला. मी खाकरलो. तो खाकरला नाही, तेवढी सभ्यता त्याच्यापाशी होती.

"मास्तर," तो म्हणाला, "तुमचा डावा खांदा उजव्या पायाचं ऐकत नाय."

मी गणिताचा शिक्षक. अनोळखी माणसाने माझ्या खांद्याची शिस्त काढावी हे मला मुळीच आवडलं नाही. पण संध्याकाळी घरी आरशासमोर चार फेऱ्या मारल्या आणि मान्य करावं लागलं. खांदा खरोखरच ऐकत नव्हता.

दुसऱ्या दिवशी शिपायाने सांगितलं, "ते व्हय? ते राक्षसवाले आप्पा. शिनुमातला सात डोळ्यांचा राक्षस त्यांचाच." आणि माझ्या हातातला खडूच पडला. नऊ वर्षांचा असताना ज्या सात डोळ्यांच्या राक्षसाने मला महिनाभर आईच्या कुशीत झोपायला लावलं होतं, तो राक्षस या बनियनवाल्या माणसाने आपल्या मागच्या खोलीत चालवला होता! त्या दिवसापासून मी आप्पांचा भक्त झालो, आणि खांद्याचा अपमान पोटात घातला.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तारेचा सांगाडा करायचा, त्यावर कापूस आणि रबर चढवून बाहुला करायचा, टेबलावर उभा करायचा. मग त्याचा पाय केसभर हलवायचा आणि एक फोटो काढायचा. पुन्हा केसभर, पुन्हा फोटो. असे चोवीस फोटो झाले की पडद्यावर एक सेकंद होतो. याला स्टॉप मोशन म्हणतात. आप्पा म्हणायचे, "हलव, थांब, टिप." पेणला गणपतीच्या कारखान्यात हात बसला, मुंबईच्या स्टुडिओत डोळा बसला, मग टेबल-कॅमेरा उचलून ते गावी आले. पौराणिक सिनेमे काढणारे निर्माते गाडी घेऊन कळंबला यायचे आणि राक्षस घेऊन जायचे. आप्पांनी असे अकरा सिनेमे केले. अकराच्या अकरा पडले. राक्षस मात्र चालले.

गावाला या धंद्याची इतकी सवय झाली होती की पाऊसपाण्याची चौकशी करावी तशी लोक राक्षसाची चौकशी करायचे.

"आप्पा, कुठवर आला?"

"उजवा पाय उचललाय."

"टेकणार कधी?"

"परवा."

"बरं, बरं. सांभाळून टेकवा."

पाय हवेत असेपर्यंत त्या खोलीत जोरात शिंकायलाही बंदी असे. केरसुणी तर खोलीच्या उंबऱ्याआत येत नसे. आप्पांची बायको हिराकाकी दारात उभी राहून म्हणायची, "राक्षसाच्या पायाखाली धूळ हाय ती तरी काढू द्या." आप्पा म्हणायचे, "धूळपण शॉटमदी हाय." काकी कपाळावर हात मारून निघून जायची.

मग गावाच्या वेशीवर रिसॉर्ट झालं. शनिवारी तिथे डीजे लागला की आप्पांच्या टेबलावरचा राक्षस लटलट कापायचा. एका शनिवारी आप्पा तरातरा तिथे गेले आणि मॅनेजरला म्हणाले, "बंद करा. आमचा राक्षस एका पायावर उभा हाय." मॅनेजरला वाटलं, म्हातारा पिऊन आलाय. समजूत घालत त्याने आप्पांना घरी पोचवलं, खोलीत डोकावला आणि दोन तास तिथेच उभा राहिला. पुढे डीजे लावायच्या आधी तो फोन करून विचारायचा, "आप्पा, पाय खाली आहे ना?"

कम्प्युटर आला आणि निर्मात्यांच्या गाड्या यायच्या थांबल्या. आप्पांनी कम्प्युटरवरचे राक्षस पाहिले आणि एकच शेरा दिला, "वजन नाय. पाय टेकतो पन जमिनीला दुखत नाय."

वजन आप्पा माणसांकडून घ्यायचे. म्हणूनच ते मागून चालायचे. "तोंड खोटं बोलतं, चाल नाय," हा त्यांचा मंत्र. कर्जतच्या बाजारात कोणाची चाल आवडली की आप्पा त्याच्या मागे लागलेच. यातून मारामारीचे प्रसंग आले. एका जावयाला वाटलं, सासऱ्याने पाळतीवर माणूस ठेवलाय. पण सहा महिन्यांनी त्याच जावयाची चाल घेऊन एखादा दैत्य इंद्राच्या दरबारात शिरायचा, आणि अख्खं थिएटर त्याला नावानिशी ओळखायचं.

कर्जतचे रफिकभाई या प्रकारात लहानपणीच होरपळले. त्यांच्या अब्बांचं हार्डवेअरचं दुकान. आप्पा तिथून तार घ्यायचे. अब्बा कंबरदुखीमुळे एक हात पाठीवर ठेवून, वाकून, प्रत्येक पावलाला जमिनीची परवानगी मागितल्यासारखे चालायचे. सिनेमाला गेलेल्या छोट्या रफिकने सात डोळ्यांचा राक्षस गाव जाळायला निघालेला पाहिला आणि भर अंधारात ओरडला, "अब्बा!" सगळं थिएटर हसलं. अब्बांनी दोन वर्षं आप्पांना तार दिली नाही. आता अब्बा नाहीत. लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटला बुरशी लागली. चालते-फिरते अब्बा उरलेत ते फक्त त्या राक्षसात. राक्षस झोपड्या पेटवू लागतो, लोक किंचाळतात आणि रफिकभाई डोळे पुसतात. मी हे पाहिलंय, आणि हसू आलं नाही.

उभ्या तालुक्याच्या चाली आप्पांनी घेतल्या, एक सोडून. हिराकाकीचं हे जन्माचं दुखणं होतं. "टपालवाल्याची घेतली, सरपंचाची घेतली, माझ्या भावाची घेऊन त्याला रेडा केलान्," ती आम्हाला ऐकवायची. "घरात एवढी बाईल चालते, ती नाय दिसली."

आप्पा टेबलावरून मान न काढता म्हणायचे, "तुझी अजून जमत नाय गं."

काकीचा राग तसा जुनाच होता. लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात दोघं कशेळ्याच्या बाजाराला गेली. काकी पुढे, आप्पा मागे. माथेरानला हातरिक्षा ओढणारा एक माणूस बाजाराला आला होता. रिक्षा नसतानाही तो ओढल्यासारखाच चालायचा. आप्पा त्याच्या मागे लागले ते थेट माथेरानला पोचले आणि दुसऱ्या दिवशी उगवले. नवी नवरी हिरवा चुडा भरल्या हातांनी दोन पिशव्या सांभाळत एस.टी.च्या थांब्यावर शेवटच्या गाडीपर्यंत उभी होती.

एक गंमत मात्र मला नेहमी वाटे. इतक्यांच्या चाली ज्याच्या अंगात, त्याची स्वतःची चाल कशी होती? मला सांगता येणार नाही. मी आप्पांना पाहिलं ते कायम कोणाच्या तरी चालीत.

आमच्या चाहता मंडळाचे सभासद तीन. मी, रफिकभाई आणि खोपोलीच्या दातांच्या डॉक्टर मृणालताई, ज्या राक्षसांना फुकटात कवळ्या करून द्यायच्या. आम्ही दर महिन्याला भेटून आप्पांच्या सिनेमांवर कडाडून भांडायचो, आणि भांडणाचा कायमचा विषय होता कोंबडी. अकराही सिनेमांत कुठेतरी कोपऱ्यातून एक कोंबडी जाते. गोष्टीशी तिचा काडीचा संबंध नाही. चार पावलं टाकते, थांबते, मान वळवून मागे बघते, पुन्हा चार पावलं. देवदानवांचं युद्ध चालू असो, मागून ही चाललीच. रफिकभाईंचं मत, कुठल्यातरी पोल्ट्रीवाल्याची जाहिरात असणार. डॉक्टरीणबाईंना त्यात काळाची गती दिसायची. मी तर एका दिवाळी अंकात साडेतीन पानं लिहून सिद्ध केलं होतं की ही कोंबडी म्हणजे राक्षसी काळातही दाणे टिपत राहणारा सामान्य माणूस. आप्पांनी ती साडेतीन पानं चष्मा लावून वाचली, घडी घातली आणि म्हणाले, "एवढं बोलली ती?"

"मग आप्पा, ती का आहे ते तुम्हीच सांगा."

"घर म्हटलं की ती असतेच."

"पण पाताळात?"

"पाताळात पन."

मागल्या वर्षी आप्पा गेले. दुपारी टेबलाशी बसले होते, काकी चहा घेऊन गेली तर मान खाली. हातातला बाहुला त्यांनी आधी नीट टेबलावर ठेवला होता. त्याला काही धक्का लागला नव्हता.

वर्ष झालं तेव्हा आम्ही तिघांनी ठरवलं की शाळेत आप्पांचे राक्षस दाखवायचे. भर दुपारी वर्गाच्या खिडक्यांना निळी ताडपत्री लावली, भिंतीवर चादर ताणली, रफिकभाई लॅपटॉप घेऊन बसले. गाव लोटलं. पहिला दैत्य दारातून आत आला आणि एक म्हातारी उभी राहिली, "अगं बाय, आमचा बाबू!" तिचा बाबू जाऊन वीस वर्षं झाली होती. तिने दैत्य तीनदा मागे घ्यायला लावला. मग प्रत्येकजण आपापलं माणूस शोधू लागला. राक्षस आला की टाळ्या, देव आले की चुळबुळ. देवांचं काम नटांनी केलं होतं ना!

हिराकाकी मात्र आत येऊन बसायला तयार नव्हती. "मी काय बघू? मी हाय कुठं त्यात?" असं म्हणून ती शेजारच्या वर्गात चहा करत राहिली.

पाताळाचा प्रसंग चालू असताना लॅपटॉप अडकला. पडद्यावर नेमकी कोंबडी, एक पाय उचललेली. रफिकभाई बटणं दाबत बसले. तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन काकी आली. दार पडद्याच्या बाजूलाच, त्यामुळे तिला पडद्यासमोरूनच जावं लागलं. तिने चार पावलं टाकली. थांबली. मान वळवून मागे दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. पुन्हा चार पावलं.

डॉक्टरीणबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. आणि लॅपटॉप सुरू झाला. कोंबडीने चार पावलं टाकली, थांबली, मान वळवून मागे पाहिलं.

मग मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "काकी..."

"काय हाय रं? साखर कमी पडली?"

रफिकभाईंनी कोंबडी पुन्हा लावली. काकी ट्रे धरून उभी राहिली आणि बघत राहिली. पुन्हा लावली. मग तिने ट्रे बाकावर ठेवला.

"चाळीस वर्सं संसार केला," ती म्हणाली, "आन् ह्यांनी माझी कोंबडी केली!"

वर्ग हसून हसून लोळला. काकीही पदर तोंडाला लावून हसत होती, पण डोळे वाहत होते. "कशेळ्याला हरवले तवापासनं मागं बघते मी. येतायत, का कुनाच्या मागं गेले. सवय जात नाय." मग तिने विचारलं, "किती शिनुमात हाय मी?"

"अकराच्या अकरा, काकी."

"पहिल्यात पन?"

"पहिल्यात पण."

"तवा लगीन होऊन म्हैना झालेला," ती स्वतःशीच म्हणाली.

त्या दिवशी ती आम्हाला घरी घेऊन गेली. वर्षभर तिने मागच्या खोलीत केरसुणी नेली नव्हती. आता तिला अडवणारं कोणी नव्हतं, तरीही. टेबलावर, धुळीत, आप्पांचा शेवटचा बाहुला उभा होता. तो राक्षस नव्हता. एकटी कोंबडी, मान वळवून मागे बघत होती. कॅमेऱ्यातले फोटो पाहिले. चार पावलं, थांबणं, मान वळवणं, आणि तिथेच सगळं संपलेलं.

"पुढं?" काकीने विचारलं.

"पुढे नाही, काकी. तिथंच राहिलं."

"मंग ती अशीच बघत राहनार?" काकी रागावली. "मागनं येऊ द्या की कुनीतरी!"

मागून कोण यायला हवं ते आम्हाला कळलं. रफिकभाई तार देतील, डॉक्टरीणबाई आप्पांचा पुढचा पडका दात करतील, पावलांचा हिशेब मी मांडीन. पण आप्पांची चाल? ती आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हती. मी तसं बोलूनही दाखवलं.

काकीने पदर खोचला. अंगणाच्या टोकाला गेली आणि आमच्याकडे चालत आली. चार छोटी, रेंगाळणारी पावलं, नजर इकडेतिकडे. मग एकदम एक लांब ढांग, मागे पडलेलं भरून काढायला. पुन्हा चार छोटी, पुन्हा ढांग. आम्ही ही चाल कधीच पाहिली नव्हती आणि तरी तिघांनीही ती ओळखली. आप्पा अंगणातून येत होते. रफिकभाई नकळत उठून उभे राहिले.

"मागं बघून बघून पाठ झालीया," काकी म्हणाली आणि धापा टाकत पायरीवर बसली.

त्याला आता चार महिने झाले. शाळा सुटली की मी त्या खोलीत जातो. हलवतो, थांबतो, टिपतो. माझा खांदा अजूनही ऐकत नाही, पण हात ऐकू लागलाय. वाटेत लोक विचारतात.

"मास्तर, आप्पा कुठवर आले?"

"उजवा पाय उचललाय."

"टेकणार कधी?"

"परवा."

काकी दारातून रोज डोकावते, उंबऱ्याच्या बाहेरूनच. काल मी म्हटलं, काकी, फार वेळ लागतोय. त्यावर ती म्हणाली, "लागू दे. कोंबडी थांबलीया."