न घसरणारा हौदा

पिकअपच्या हौद्याला अस्तर आपल्या हातानं मारायचं, असं कानिफराव वाबळ्यांनी चहाच्या दुसऱ्या घोटाला ठरवलं. पहिल्या घोटाला त्यांच्या मनात असलं काही नव्हतं. पण समोर मोबाईल होता आणि मोबाईलमध्ये एक गोरा माणूस रोलर फिरवून दहा मिनिटांत अख्खा हौदा काळाभोर, खरखरीत करून दाखवत होता. त्या माणसाचा शर्ट पांढरा होता आणि शेवटपर्यंत पांढराच राहिला. (इथंच कानिफरावांना शंका यायला हवी होती.)

गरज मात्र खरी होती. कानिफराव जामखेडच्या एका हायस्कुलात क्लार्क, आणि त्यांच्या बायकोच्या, चांगुणाबाईंच्या, दारात जुनी पिकअप आणि अकरा शेळ्या. त्यातली मैना म्हणजे चांगुणाबाईंचा जीव. आई मेलेलं ते करडू त्यांनी बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. अंग काळंभोर, आणि दोन्ही कानांवर पांढरे ठिपके. गेल्या वर्षी भिंगारच्या शेळ्यांच्या प्रदर्शनाला निघाली, तर वाटेत पिकअपच्या गुळगुळीत पत्र्यावर घसरली, गुडघा फुटला आणि परीक्षकांनी लंगडती शेळी पाहून तिला रांगेतून बाहेर काढलं. त्या दिवशी चांगुणाबाई भिंगारपासून जामखेडपर्यंत मागे हौद्यात मैनेचा गुडघा धरून बसल्या होत्या. ते कानिफरावांच्या अजून लक्षात होतं.

"गोणपाट टाकू की," चांगुणाबाई म्हणाल्या.

"गोणपाट सरकतं."

"मंग वाळू टाकू."

"अगं, जग कुठं चाललंय आणि तू वाळू टाकतेस?"

"जग कुटं बी जाऊ द्या. आपल्याला भिंगारला जायचंय."

तरी कानिफरावांनी अस्तराच्या रंगाचा डबा मागवलाच. तो आठ दिवसांनी आला, म्हणजे बरोबर प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी. शेजारच्या चांदभाईंचं गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज. त्यांनी डबा हातात घेऊन फिरवून पाहिला.

"कानिफराव, दुपारपतुर थांबा. हातातलं गिऱ्हाईक उरकतो आन् मारून देतो."

"सूचना वाचून काम करायची सवय आहे मला," कानिफराव म्हणाले. बावीस वर्षं परिपत्रकं वाचलेला माणूस तो. त्यांनी डब्यावरची माहिती दोनदा वाचली, महत्त्वाच्या ओळींखाली लाल पेनानं रेघा मारल्या आणि कामाला लागले.

आणि खरं सांगायचं तर काम चांगलं चाललं होतं. गंज घासला, पुसला, कडांना चिकटपट्टी लावली. ट्रेमध्ये ते दाट काळं रसायन ओतलं, रोलर बुडवला आणि केबिनच्या बाजूनं सुरुवात केली. दहाच्या सुमारास निम्मा हौदा रंगला होता आणि शर्टावर एकच डाग होता. कानिफराव शीळ घालू लागले.

शीळ घालायला नको होती. गेला महिनाभर रोज सकाळी दहाला, शाळेला निघण्याआधी, ते हौद्यात उभे राहून शीळ घालायचे आणि हातातला शेवरीचा पाला दाखवायचे. हौद्याच्या मागच्या उघड्या फाळक्याला फळी लावलेली असायची, तिच्यावरून मैना वर चढायची. प्रदर्शनाच्या दिवशी न घाबरता गाडीत चढावी म्हणून ही शाळा. मैना हुशार, आठ दिवसांत शिकली. आज दहा वाजले होते, शीळ वाजली होती, फळी लावलेली होती, आणि मालक हातात काहीतरी घेऊन उभे होते.

मैना वर आली. कोरड्या पत्र्यावरून ओल्या रंगावर आली. आणि मालकांच्या हातात जे काही होतं ते खाता येतं का, हे बघायला तिनं तोंड पुढं केलं.

"हट! मागं हो!" म्हणत कानिफरावांनी तिला ढकललं. ढकलायला त्यांनी हात वापरायला हवे होते, पण हातात रोलर होता. तो डाव्या कानावरून गेला. मैनेनं मान फिरवली तशी तो उजव्या कानावरून गेला. (दोन्ही बाजूंना सारखा थर बसला. डब्यावर तसंच लिहिलं होतं.) मग ती बिथरली आणि तिनं टक्कर दिली. कानिफराव ट्रेवर पडले, ट्रे केबिनकडच्या कोपऱ्यात उपडा झाला आणि रोलर त्यांच्याच डोक्यावर येऊन थांबला.

आवाज ऐकून चांगुणाबाई आल्या. त्यांनी आधी मैनेला खाली घेतलं. पाय चाचपले, शाबूत होते. मग कानांकडे पाहिलं. पांढरे ठिपके गेले होते. कानातला सरकारी पिवळा बिल्लासुद्धा काळा झाला होता.

त्या चिडल्या असत्या तर कानिफरावांना बरं वाटलं असतं. पण त्या गोडेतेलाची वाटी घेऊन मैनेजवळ बसल्या आणि कान चोळत राहिल्या. रंग हटला नाही.

"अर्जात काय लिव्हलंय तुमी?" चोळता चोळता त्यांनी विचारलं.

अर्ज कानिफरावांनीच भरला होता, सुवाच्य अक्षरात. "ओळखीची खूण : दोन्ही कानांवर पांढरे ठिपके."

"गेल्या साली लंगडली म्हून काढली. औंदा ठिपकं न्हाईत म्हून काढतील."

कानिफरावांना मनापासून वाईट वाटलं. त्यांनी गुपचूप उरलेला हौदा रंगवून काढला. दुसरं काय करावं ते त्यांना सुचत नव्हतं.

रविवारी पहाटे चांदभाई पिकअप चालवायला आले. टोपी चढवणाऱ्या कानिफरावांचं रंगलेलं डोकं पाहून ते गाडीमागे जाऊन थोडा वेळ हसून आले आणि मग गंभीर चेहऱ्यानं स्टेअरिंगवर बसले.

भिंगारच्या मैदानावर गाड्यांची रांग लागली होती. पुढच्या टेम्पोतली एक शेळी उतरताना पत्र्यावर चारी पाय फाकवून बसली, तिला तिघांनी उचलून खाली घेतलं. मग मैनेची पाळी आली. चांदभाईंनी फाळका उघडला. मैना उठली, अंग झाडलं आणि माहेरी आलेल्या लेकीसारखी सावकाश खाली उतरली. एक खूर सरकला नाही.

परीक्षक डॉक्टर निकिता ढाकणे अर्ज घेऊन उभ्याच होत्या. त्यांनी अर्ज पाहिला, मग कान पाहिले.

"ठिपके कुठंयत? आणि हा रंग कसला? रंग लावून दोष झाकलेलं जनावर आम्ही घेत नाही, बाई."

चांगुणाबाईंनी मान खाली घातली. ते पाहून कानिफराव पुढं झाले. चारचौघांत बोलायची त्यांना सवय नव्हती, पण ते बोलले. व्हिडिओ, शीळ, फळी, रोलर, सगळं सांगितलं. शेवटी टोपी काढली आणि पुरावा म्हणून डोकं पुढं केलं.

डॉक्टरबाईंनी एका हातानं मैनेचा कान धरला आणि दुसऱ्या हाताचं बोट कानिफरावांच्या डोक्यावरून फिरवलं. "रंग एकच आहे," त्या म्हणाल्या. मग मैनेच्या बिल्ल्यावरचा काळा पापुद्रा नखानं उचकटला. प्लॅस्टिकवरून तो सालीसारखा निघाला. खालचा नंबर अर्जातल्या नंबराशी जुळला.

"घ्या रांगेत. चाल तर फार सुरेख आहे हिची."

दुपारी निकाल लागला. मैनेचा दुसरा नंबर आला. चांगुणाबाईंनी ढाल घेतली आणि पदराला डोळे पुसले. लोक पिकअपभोवती जमले. हौदा हातानं चाचपून चारपाच जणांनी विचारलं, हे कुणी केलं?

"आमच्या ह्यांनी," चांगुणाबाई म्हणाल्या. मग कानिफरावांकडे वळून हळूच बोलल्या, "चांगलं केलंत. गोणपाटावर ती अशी आली नसती."

लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती, आणि घरातल्या दुरुस्तीबद्दल असं वाक्य कानिफरावांनी पहिल्यांदाच ऐकलं. त्यांना केबिन पुरेना. "मी मागं बसतो, मैनेजवळ," ते म्हणाले, आणि हौद्यात चढून केबिनला टेकून, कोपरा धरून ऐटीत बसले. घाटातली वळणं आली, खड्डे आले. कानिफराव तसूभरही घसरले नाहीत. आपल्या हातच्या कामाचं त्यांना वाटेभर कौतुक वाटत होतं.

जामखेडला दारात गाडी थांबली. मैना उतरली.

"उतरा की," चांगुणाबाई म्हणाल्या.

"तू हो पुढं. वारा बरा लागतोय इथं."

"वारा कुटाय?"

कानिफरावांनी दोन्ही हात टेकून जोर लावला आणि पुन्हा ऐटीत बसले. चांदभाई वर चढले. त्यांनी कानिफरावांच्या बगलेत हात घालून ओढून पाहिलं, मग वाकून कोपऱ्यात बोट दाबलं.

"वहिनी, ट्रे हितंच उपडा झाल्ता. वरनं वाळलंय, आतून वलंच हुतं. आता दोगं बी संगच वाळाय लागलेत."

चांगुणाबाईंनी फाळक्यापाशी येऊन नवऱ्याकडे नीट पाहिलं. ढाल त्यांच्या काखेत होती.

"खरवडायची पट्टी आना, चांदभाई," त्या काळजीनं म्हणाल्या. "पन लई जपून हां. हौद्याचा रंग निगाया नको."