मंजुळेच्या दाखल्यावरचा म

एका जंगलात रस्ता नव्हता, दवाखाना नव्हता, पण मुलांनो, संगणक होता.

तो वडाच्या ढोलीत ठेवला होता. डिगूनाना नावाचं वानर तो चालवत असे. दुसऱ्या कुणाला तो चालवता येत नव्हता. खरं तर डिगूनानालाही येत नव्हता, पण हे ओळखण्याइतकं दुसऱ्या कुणाला कळत नव्हतं.

एकदा संगणक चालता चालता थांबला.

"याला काय झालं?" सिंहमहाराजांनी विचारलं.

"अपचन, महाराज," नाना म्हणाला. "आपण लांबलचक शब्द भरतो. त्याचं पोट भरलं."

महाराजांनी लगेच हुकूम काढला. यापुढे संगणकात एका शब्दासाठी एकच अक्षर! जंगलात टाळ्या पडल्या. ज्यांना लिहिता येत नव्हतं, त्यांनी जास्त वाजवल्या.

त्याच उन्हाळ्यात ओढे आटले. एकच तळं उरलं. तळ्याला कुंपण आलं, कुंपणाला फाटक आलं, फाटकावर तरस आला. दाखला असेल तर पाणी, नाहीतर घरी.

या जंगलात मंजुळा नावाची पिसोरी राहत होती. पिसोरी म्हणजे सशाहून थोडंसं मोठं, फार लाजाळू हरीण. तिचं पाडस आठ दिवसांचं होतं. दोन दिवस मंजुळेच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. आता दूधही येईनासं झालं होतं. म्हणून कधी झुडपाबाहेर न येणारी मंजुळा ढोलीपुढे दाखल्याच्या रांगेत जाऊन उभी राहिली. मागचे पुढे घुसत होते. ती कुणाला काही बोलली नाही. दुपारी तिला दाखला मिळाला. त्यावर 'शेरा' असं लिहून पुढे एकच अक्षर होतं : म.

तिला फार बरं वाटलं. म म्हणजे मंजुळा. एवढ्या मोठ्या यंत्राला आपलं नाव ठाऊक आहे!

तरसाने दाखला उलटसुलट करून पाहिला.

"तू मेलीस," तो म्हणाला.

"कधी?"

"ते लिहिलेलं नाही. पण म म्हणजे मयत."

"तरसदादा, मी इथे उभी आहे की."

"असशील. मेल्यावर कुणी कसं राहावं, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण मेलेल्याला पाणी कशाला लागतं? हो बाजूला."

मंजुळा परत ढोलीकडे गेली. तिथे मुंगूस तक्रारी घेत बसला होता. म्हणजे तो बसला होता.

"कोण म्हणतं मयत?" तो म्हणाला. "म म्हणजे मादी. तू मादी आहेस ना?"

"हो, मुंगूसभाऊ."

"मग चूक कुठाय? बरोबर दाखल्याची तक्रार आम्ही घेत नाही."

शेजारी साळूबाई साळिंदर होती. तिने काटे फुलवले. "मादी कसली, भाऊ? म म्हणजे मांसाहारी. बाई गं, तुझी पाण्याची वेळ संध्याकाळी सहा. वाघांबरोबर."

"अहो, मी गवत खाते."

"ते घरी. इथे तू मांसाहारी. वाघांना समजावून सांग. चांगले असतात ते, जेवण झालेलं असलं की."

शेवटी मंजुळेने धीर केला आणि डिगूनानालाच गाठलं.

"नाना, हा म तुम्हीच भरलात ना? म्हणजे काय हो?"

नानाने इकडेतिकडे पाहिलं आणि तो फांदीवरून खाली आला. "कुणाला सांगू नकोस," तो कुजबुजला. "तू रांगेत इतकी हळू बोललीस, की मला काही ऐकूच आलं नाही. म म्हणजे माहीत नाही."

"मग आता बदला ना."

"बदलायला ब दाबावा लागतो. पण ब म्हणजे बदल की बंद, ते आम्ही विसरलो. काल अस्वलाचं वय बदलायला गेलो, तर संगणक बंद पडला."

मंजुळा फाटकाकडे निघाली. तिचा घसा इतका सुकला होता, की लाजायलाही त्यात ओल उरली नव्हती.

"पुन्हा आलीस?" तरस ओरडला. "सांगितलं ना, तू मयत आहेस!"

"मान्य आहे," मंजुळा म्हणाली.

तरस दचकला. आजवर हे कुणी मान्य केलं नव्हतं.

"मी मेले. आता दाखवा, मेलेल्याला अडवायचा नियम कुठे आहे?"

तरसाने नियमांचा कागद काढला. जिवंतांसाठी सतरा नियम होते. शेपटी कुठे धरावी याचासुद्धा होता. मेलेल्यांसाठी एकही नव्हता. नियमच नाही म्हटल्यावर तरस घाबरला आणि मुकाट्याने बाजूला झाला.

मंजुळा पोट तट्ट होईपर्यंत पाणी प्यायली. मग झुडपात गेली. थोड्या वेळाने पाडस चुटूचुटू दूध पिऊ लागलं.

दुसऱ्या दिवशी फाटकावर एकही प्राणी नव्हता. सगळे ढोलीपुढे गर्दी करून उभे होते.

"नाना, आधी मला मारा!" रानडुक्कर ओरडत होतं. "मी सकाळपासून उभा आहे!"

"मी तर कालच मेलोय," मागून हत्ती म्हणाला. "नुसती नोंद राहिलीय."

नानाने भराभर म भरले. पंधरा दिवसांनी सिंहमहाराजांनी मोठ्या अभिमानाने जाहीर केलं, की आपल्या जंगलात आता एकही जिवंत प्राणी तहानलेला नाही.

आणि संगणकात पाहिलं, तर ते अगदी खरं होतं.

तात्पर्य : मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही, असं मोठी माणसं सांगतात. स्वर्गाचं माहीत नाही, पण पाण्याचं तसंच आहे. म्हणून मुलांनो, कागदाने आपल्याला मेलेलं ठरवलं, तर वाद घालत बसू नये. आधी पाणी पिऊन घ्यावं.