पोंक्ष्यांची तीन घरं

रविवार, आठ नोव्हेंबर. सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी उल्हास पोंक्ष्यांनी स्वतःच्या घराचं दार वाजवलं. आतून "कोण?" असा प्रश्न आला. पोंक्ष्यांनी नाव सांगितलं. कडी निघाली आणि हे घर ऑगस्टमध्ये त्यांना विकणारा वॉल्टर पाइक दारात येऊन म्हणाला, "ये, ये. बूट बाहेर काढ, आत्ताच फरशी पुसलीय."

बूट बाहेर काढण्याची पद्धत त्या घरात पोंक्ष्यांच्या पत्नीनेच, शुभाताईंनी, सुरू केली होती. बाहेर पारा शून्याखाली तीन होता. पोंक्ष्यांनी बूट काढले.

मेन राज्याच्या टोकाला, जिथून पुढे कॅनडाच लागतो, तिथे समुद्राच्या काठी टॉलमन्स कोव्ह नावाचं गाव आहे. या गावात पोंक्ष्यांच्या मालकीची आज तीन घरं आहेत आणि झोपायला एकही गरम खोली नाही. हे कसं झालं, ते क्रमाने सांगायला हवं.

पोंक्षे जूनमध्ये निवृत्त झाले. दक्षिणेला, गाडीने दिवसभराच्या अंतरावर, वेस्ट विंडसरला एका औषध कंपनीत त्यांनी तीस वर्षं संख्याशास्त्राचं काम केलं. एखाद्या गोळीने माणूस खरंच बरा झाला की नुसता योगायोग, हे ठरवण्याचं काम. शुभाताई वेंगुर्ल्याच्या, त्यांना समुद्र हवा होता. पोंक्ष्यांना शांतता हवी होती. वेस्ट विंडसरला स्वयंपाकघर नवीन करायला जेवढं लागतं, तेवढ्यात इथे जमीन, शेड आणि खिडकीतून दिसणाऱ्या समुद्रासकट अख्खं घर मिळत होतं. पोंक्ष्यांनी तक्ता केला. हॉस्पिटल किती दूर, इंटरनेट कसं, भरतीचं पाणी कुठवर येतं, असे एकवीस रकाने. 'जुना मालक' हा रकाना त्यात नव्हता.

ऑगस्टमध्ये वकिलीणबाईंच्या ऑफिसात सह्या झाल्या. वॉल्टर एकोणऐंशी वर्षांचा, आयुष्यभर लॉब्स्टर पकडलेला, एकटा. तो फ्लोरिडाला मुलीकडे जाणार होता. किल्ली हातात फिरवत तो म्हणाला, की चाळीस वर्षांचं सामान आहे, दोन आठवड्यांत आवरेल असं वाटत नाही. त्यावर पोंक्षे जे सांगलीत म्हणाले असते तेच इंग्रजीत म्हणाले. "अहो, घाई कसली? सावकाश करा. घर तुमचंच आहे."

हे वाक्य बोलायला एक माणूस लागतो आणि नाकारायला दुसरा. समोरच्याने "छे छे, असं कसं" म्हणायचं आणि ठरल्या तारखेच्या दोन दिवस आधी घर रिकामं करायचं. पोंक्ष्यांकडे चार पिढ्या हे असंच चाललं होतं. वॉल्टरने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "ओके."

हे कागदावर घ्यायचं का, असं वकिलीणबाईंनी विचारलं. पोंक्षे हसून म्हणाले, त्याची काही गरज नाही.

त्यांचं स्वतःचं वेस्ट विंडसरचं घर परीक्षित आणि अदिती या तरुण जोडप्याने घेतलं. परीक्षितसुद्धा म्हणाला होता, "काका, घाई कसली? आमच्या अपार्टमेंटचं लीज नोव्हेंबरअखेर आहे. घर तुमचंच आहे." पोंक्षे "छे छे, असं कसं" म्हणाले, दोन दिवस आधी घर सोडलं आणि जाताना ओट्यावर साखरेची पुडी ठेवली. पद्धत म्हणजे काय, ते त्यांना माहीत होतं.

त्याआधीच, ऑक्टोबरच्या सुरुवातीला, ते सामानाची पहिली खेप घेऊन टॉलमन्स कोव्हला आले होते. वॉल्टर परसात वाफे करत होता. काय लावताय, असं शुभाताईंनी कौतुकाने विचारलं. लसूण, तो म्हणाला. कधी निघतो? जुलैत.

दोघं गाडीत येऊन बसले.

"अहो, जुलै."

"ऐकलं."

"मग सांगा त्याला."

"आपणच म्हणालो ना, घाई नाही म्हणून."

"आपण नाही. तुम्ही."

वॉल्टरच्या अंगणाला लागूनच ग्लॅडिस नावाच्या बाईंचं घर विक्रीला होतं. ते आणखी स्वस्त होतं, कारण त्यात एकच खोली आणि समुद्राकडे काचेचा व्हरांडा. वॉल्टर जाईपर्यंत डोक्यावर छप्पर असावं म्हणून पोंक्ष्यांनी ते घ्यायचं ठरवलं. या वेळी त्यांनी अट घातली, की सह्या होईपर्यंत दोघांपैकी कोणीही सौजन्याचं एक अक्षर बोलायचं नाही. सह्या एकोणीस मिनिटांत झाल्या. कोणी काही बोललं नाही. पार्किंगमध्ये मात्र ग्लॅडिसबाईंनी डोळे पुसले. घराचं काही नाही, म्हणाल्या, आईच्या हातची चूल तेवढी आठवेल. शुभाताईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"मग या ना. कधीही या. राहायलाच या."

"खरंच?"

"खरंच म्हणजे काय, तुमचंच घर आहे."

ग्लॅडिसबाई संध्याकाळी दोन बॅगा आणि एक मांजर घेऊन आल्या. पोंक्षे शुभाताईंकडे पाहत राहिले. "आपणच बोलावलं ना," त्या म्हणाल्या. "आपण नाही," पोंक्षे म्हणाले, "तू." मांजराला बंद खोलीत गुदमरतं, त्यामुळे खोलीचं दार उघडं राहतं, आणि दार उघडं राहिलं की ग्लॅडिसबाईंना संकोच वाटतो. म्हणून पोंक्षे पतिपत्नी व्हरांड्यात झोपतात, स्वेटरवर स्वेटर घालून.

तिसरं घर त्यांनी गेल्या सोमवारी गावाच्या ऑफिसातून घेतलं. त्याची मुख्य जमेची बाजू म्हणजे मालक वारलेला होता. पोंक्ष्यांनी मृत्यूचा दाखला मागून घेतला आणि दोनदा वाचला. वारस नाही, हेही लिहून घेतलं. त्या घरात माणूस नव्हता, मांजर नव्हतं, आणि घर गरम ठेवणारी चालू भट्टीही नव्हती. तळघरातली भट्टी मधोमध तडकली होती. आसपासच्या तीन गावांत मिळून भट्टी बसवणारा एकच माणूस, आणि तो हरणांच्या शिकारीला जंगलात गेला होता. हंगाम संपला की येईन, असा त्याच्या फोनवर निरोप होता. त्यानंतर पोंक्ष्यांचा नंबर अकरावा.

सनीव्हेलहून मुलाने, सौमित्रने, फोनवर सगळं ऐकून घेतलं. "बाबा, जस्ट टेल देम टू लीव्ह. यू ओन द हाऊस."

"असं तोंडावर सांगता येत नाही रे."

"देन टेक्स्ट देम."

शनिवारी अंदाज आला, की रविवारी दुपारपासून बर्फ आणि सोमवारी पारा शून्याखाली बारा. शुभाताई गुरुवारपासून खोकत होत्या. व्हरांड्यात आता आणखी राहणं शक्य नव्हतं. म्हणून रविवारी पहाटे पोंक्ष्यांनी एका कार्डावर वाक्य लिहिलं, 'वॉल्टर, आम्हाला आता घर हवं आहे', आणि ते सात वेळा मोठ्याने म्हणून पाहिलं. शुभाताईंनी दोनदा इंग्रजी सुधारून दिलं. मग ते अंगण ओलांडून गेले.

वॉल्टरने कॉफी ओतली. शेगडीत लाकडं पेटली होती. पोंक्ष्यांनी खिशातलं कार्ड चाचपलं आणि दुरून सुरुवात केली.

"थंडी वाढलीय."

"वाढणारच."

"फ्लोरिडात आता छान असेल."

"दमट असतं."

"मुलगी वाट बघत असेल तुमची."

"बघते ना," वॉल्टर म्हणाला. "रोज फोन करते. मी तिला सांगितलं, उल्हास सोडतच नाही."

पोंक्ष्यांनी कॉफीचा घोट घेतला. वॉल्टरने कप खाली ठेवला आणि खुर्ची पुढे ओढली. त्याच्या आवाजात काळजी होती.

"उल्हास, खरं सांग. माझी अडचण होतेय का तुम्हाला? होत असेल तर मी आज दुपारीच निघतो. बॅग भरलेलीच आहे."

दारामागे खरोखरच एक बॅग भरून ठेवलेली दिसत होती. यापेक्षा सोपा प्रश्न पोंक्ष्यांना तीस वर्षांच्या नोकरीत कोणी विचारला नव्हता. त्यांनी तोंड उघडलं.

"छे छे," ते म्हणाले. "अडचण कसली?"

आठ वाजून पाच मिनिटांनी ते व्हरांड्यात परतले. शुभाताई उठून बसल्या.

"बोललात?"

"बोललो."

"काय म्हणालात?"

"ख्रिसमस करूनच जा म्हणालो."

शुभाताई खोकल्या, आणि बॅग भरायला लागल्या. त्या भरत असताना पोंक्ष्यांना परीक्षित आठवला. वेस्ट विंडसरचं घर नोव्हेंबरअखेरपर्यंत रिकामंच होतं. हीटिंग चालू होतं. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर साखरेची पुडीसुद्धा असणार. नऊ वाजून चौदा मिनिटांनी त्यांनी मेसेज पाठवला. 'परीक्षित, तू म्हणाला होतास त्याप्रमाणे दोनतीन आठवडे तिकडे येऊ म्हणतो. चालेल ना?'

मेसेजखालच्या खुणा लगेच निळ्या झाल्या. 'टायपिंग' दिसलं, गेलं, पुन्हा दिसलं. असं बावीस मिनिटं चाललं. मग उत्तर आलं. 'काका, विचारताय काय? घर तुमचंच आहे.' पुढे एक हसरा चेहरा.

शुभाताईंनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

"खरं म्हणतोय, की आपलं तसंच?"

पोंक्ष्यांनी मेसेज वरपासून पुन्हा वाचला. "सांगता येत नाही."

"मूळचा कुठला आहे तो?"

"सांगलीचा."

"मग कठीण आहे," शुभाताई म्हणाल्या.

तरी त्यांनी सामान गाडीत भरलं. अकराला पोंक्ष्यांनी इंजिन चालू केलं. ग्लॅडिसबाईंनी व्हरांड्यातून मांजराचा पंजा हलवून निरोप दिला. वॉल्टर कॉफीचा थर्मास आणि एक घोंगडी घेऊन आला, खिडकीच्या काचेवर टकटक केली, आणि दोन्ही वस्तू आत देऊन म्हणाला, "कधीही परत या. घर तुमचंच आहे." वॉल्टरच्या बाबतीत तो प्रश्नच नव्हता. तो बोलतो ते त्याच्या मनात असतं.

अकरा वाजून पन्नास मिनिटांनी बर्फ सुरू झाला. तेव्हा गाडी अंगणातच होती, तोंड दक्षिणेला, इंजिन चालू. शुभाताई थर्मासच्या झाकणातून कॉफी पीत होत्या. पोंक्ष्यांच्या हातात फोन होता. परीक्षितला पाठवायचं उत्तर लिहून झालं होतं, 'छे छे, असं कसं.' ते अजून गेलेलं नव्हतं.