अण्णा घाडी आणि गाठीचं लाकूड

माझे पती गेले त्यानंतर चार-पाच दिवसांनी तळमजल्यावरचे अण्णा घाडी भेटायला आले. खुर्चीवर बसले, बराच वेळ समोरच्या सागवानी स्टुलाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "वहिनी, याची रेघ बघा किती सरळ आहे. फोडायचं झालं तर एका घावात फुटेल."

सांत्वनाला आलेल्या माणसांची नाना तऱ्हेची वाक्यं मी त्या दिवसांत ऐकली. हे वाक्य मात्र दुसऱ्या कोणी म्हटलं नाही.

अण्णा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर माणसं भजनी मंडळात जातात, नातवंडांना बागेत नेतात. अण्णा लाकडं फोडतात. आमच्या वर्तकनगरातल्या इमारतीमागे भिंतीला लागून खाटेएवढी मोकळी जागा आहे. पावसाळ्याआधी रस्त्यावरच्या झाडांची छाटणी होते, तेव्हा अण्णा छाटणाऱ्यांना चहा पाजतात आणि ओंडके ओढत घेऊन येतात. घरात गॅस आहे, मुलाने बसवून दिलेला गिझर आहे. तरी आंघोळीचं पाणी तापणार ते मागच्या दाराशी, तांब्याच्या बंबात.

"गिझरचं पाणी गरम असतं वहिनी, पण त्याला चव नसते."

आंघोळीच्या पाण्याला चव कशाला हवी, हे विचारायची सोय नाही. विचारलं की अर्धी सकाळ जाते.

माझी बाल्कनी नेमकी त्या जागेच्या वर. मी तिथे पुस्तक घेऊन बसते. हल्ली एक पान वाचायला मला फार वेळ लागतो, त्यामुळे अण्णांना वाटतं, मी रिकामीच आहे. मग खालून हाक येते.

"वहिनी, ही कुऱ्हाड बघा. पातळ पात्याची. ही तोडायला. फोडायला ही नाही, फोडायला पोट हवं." लगेच दुसरी वर करून दाखवतात, पोट सुटलेली. "पातळ पातं लाकडात शिरतं आणि तिथेच मुक्काम करतं. हे जाड पातं शिरतं आणि दोघांना बाजूला सारतं. पंगतीत उशिरा आलेला माणूस घुसतो ना, तसं."

"बरं," मी म्हणते.

"बरं नाही. लक्षात ठेवा."

या वयात मी कुऱ्हाड हातात घेणार नाही, हे त्यांच्या लक्षात येत नाही. ओंडका मोठा असेल तर घाव मधोमध घालायचा नाही, कडेकडेने सोलत यायचं. "भाकरी कुठून मोडता? मधून?" ओंडक्याच्या तोंडावरच्या बारीक चिरा आधी वाचायच्या, त्यासाठी ते चष्मा बदलतात. फुटलेले तुकडे उडू नयेत म्हणून ओंडका रिक्षाच्या जुन्या टायरमध्ये उभा करायचा. कुऱ्हाड जोराने मारायची नाही, नुसती उचलायची आणि पडू द्यायची. डोंबिवलीची माझी बहीण सोबतीला म्हणून राहायला आली होती. तिलाही त्यांनी टायर समजावून सांगितला. ती दुसऱ्या दिवशी परत गेली.

आणि सगळ्यात मोठा नियम: गाठ दिसली की ओंडका बाजूला. "गाठीशी भांडायचं नाही. ते लाकूड आपल्याला ओळखत नाही, ते कशाला माघार घेईल?"

असं सांगणारा हाच माणूस रोज सकाळी, सगळी लाकडं एकेका घावात फोडून झाली की, शेवटी मुद्दाम शोधून एक गाठाळ ओंडका घेतो. तोही पातळ कुऱ्हाडीने. कुऱ्हाड रुतते. मग ओंडक्यासकट ती उचलून फरशीवर आपटणं सुरू होतं, तोंडाने, "सोड मेल्या, तुझ्या बापाची आहे का ती?" माझ्या कपाटातली भांडी वाजतात.

एकदा मी वरून म्हटलंही, "अण्णा, गाठीशी भांडायचं नाही ना?"

"नाहीच भांडायचं," ते म्हणाले आणि पुन्हा आपटलं.

शेवटी सोसायटीचे सेक्रेटरी देसाई माझ्याकडे आले. "मॅडम, ते फक्त तुमचं ऐकतात. तुम्ही सांगा, नाहीतर रविवारच्या मीटिंगमध्ये लाकूडफोड बंद करायचा ठराव येतोय. वरचे लोक नाइट करून येतात, झोपणार कधी?"

ते माझं ऐकत नाहीत, मीच त्यांचं ऐकते, हे देसाईंना कोण सांगणार. पण मनातून मला बरंच वाटलं. सकाळ शांत मिळाली असती.

दुसऱ्या दिवशी लवकर खाली गेले. अण्णांनी दार उघडलं आणि मला बोलूच दिलं नाही. "बरं झालं आलात. आज बाई आली नाही. हिच्याजवळ जरा बसा, मी चार लाकडं फोडून येतो."

माई, त्यांची पत्नी, खिडकीजवळच्या पलंगावर होत्या. अर्धांगवायूनंतर त्यांचं बोलणं गेलं आहे. आपण काही सांगावं, त्यांनी छताकडे बघत राहावं, असंच असतं. मी अण्णांना सांगायची वाक्यं मनात जुळवत राहिले. बाहेर एकेक लाकूड फुटत होतं. माईंची नजर छतावरून हलली नाही.

मग तो ओळखीचा आवाज आला. फुटण्याचा नाही, रुतण्याचा. आपटणं सुरू झालं. "सोड मेल्या."

माईंचा चेहरा वाकडा झाला. त्यांना काहीतरी होतंय असं वाटून मी उठले. पण त्या हसत होत्या. अर्ध्याच तोंडाने, एक खांदा हलवत, हसू आवरायचं असून आवरत नाही तशा.

आपटणं थांबलं. खिडकीच्या गजांशी अण्णांचं घामेजलेलं डोकं आलं. त्यांनी हळूच विचारलं, "हसली का?"

"हसल्या."

"लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला गेलो, तेव्हा मला फणसाचा ओंडका फोडायला दिला होता. जावयाचा दम बघू म्हणून. कुऱ्हाड अशीच अडकली. बाकी सगळे मान राखून गप्प बसले, ही पडवीतून हसली." त्यांनी बाहीने कपाळ पुसलं. "आता दुसऱ्या कशाला हसत नाही."

मी जुळवलेल्या वाक्यांतलं एकच शिल्लक होतं. "अण्णा, जरा उशिरा नाही का फोडता येणार? लोकांची झोपमोड होते."

"उशिरा हिला औषधाची गुंगी येते. जागी असते ती सकाळीच."

"मग सकाळीच फोडा," मी म्हटलं. "मीटिंगमध्ये मी बोलेन."