नंदीच्या कानात सांगितलेलं नाव

नंदीला नुसतं नाव न सांगता अर्थही सांगून टाकावा, एवढंच मी ठरवलं होतं. महादेवाचं वाहन झालं म्हणून त्याला सगळं संस्कृत येतच असेल असं थोडंच आहे. पुढे जे रामायण घडलं त्यात माझा दोष तेवढाच. (आमचे हे म्हणतात, दोष आवाजाचा होता. त्याकडे येतेच.)

मी नवसाची बाई आहे. घरातली किल्ली हरवली तरी मी नारळ बोलते, आणि किल्ली माझ्याच कमरेला सापडली तरी नारळ फोडते. आमच्या नवनाथच्या लग्नाला सहा वर्षं झाली तरी घरात पाळणा हलेना, तेव्हा पेठेतल्या महादेवाच्या देवळात जाऊन मी नंदीला बोलले, "नात दे. मायलेकी सुखरूप राहू देत. तिचं नाव बारशाआधी पाच सोमवार तुझ्या कानात सांगीन."

नंदी पावला. सव्वातीन किलोची नात झाली. सुनेची, तेजश्रीची, आई ती लहान असतानाच गेलेली, म्हणून बाळंतपण आमच्याच घरी होतं. डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, सगळं मी केलं. आता राहिलं नाव.

नावाच्या बाबतीत तेजश्री फार हळवी. शाळेत तिच्या वर्गात चार तेजश्री होत्या. बाई हिला 'तेजश्री तीन' म्हणायच्या. अजून कुणी मागून तीन म्हटलं तर ती वळून बघते. म्हणून मुलीला असं नाव हवं होतं, जे पेठेत काय, जिल्ह्यातही कुणाचं नसेल. दोन महिने मोबाइलवर शोधून तिनं ते काढलं आणि कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलं:

नाव: पयस्विनी. अर्थ: नदी, भरपूर दूध देणारी गाय. मूळ: संस्कृत. लोकप्रियता: अत्यंत दुर्मीळ.

"आई, नवस आहे म्हणून तुम्हाला सांगते," ती कागद माझ्या हातात देत म्हणाली. "पण बारशापर्यंत हे बाहेर जायला नको. कुणी उचललं तर माझी मुलगी पण दोन नंबर होईल."

"अगं, मी आणि नंदी. तिसऱ्या कानाला कळणार नाही," मी म्हटलं.

आता आवाजाचं सांगते. आमच्या घराच्या भिंतीला भिंत लावून यंत्रमागाचा कारखाना होता. मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून एकतीस वर्षं पलीकडे चादरी विणल्या जात होत्या आणि अलीकडे आम्ही ओरडत होतो. "चहा घ्या" सुद्धा ओरडून सांगायचं. भांडण आणि कौतुक एकाच पट्टीत. चार वर्षांपूर्वी कारखाना बंद पडला. माझा आवाज चालूच राहिला. मला वाटतं मी कुजबुजतेय, आणि समोरच्या गच्चीवरची बाई उत्तर देते.

पहिल्या सोमवारी मी नंदीजवळ वाकले. रीतीप्रमाणे त्याचा पलीकडचा कान हातानं घट्ट झाकला, नाव तिकडून निसटू नये म्हणून. (निसटलं ते अलीकडूनच.) मग कागद काढून अगदी हळू आवाजात सगळं वाचलं. नाव, अर्थ, मूळ, लोकप्रियता. गाय म्हटल्यावर नंदीच्या चेहऱ्यावर जरा समाधान दिसलं, असं मला वाटलं. मागे रांगेत सात-आठ बाया होत्या. सगळ्या एकदम गप्प झाल्या. मला वाटलं, काय भक्ती आहे.

असे चार सोमवार झाले. नवसात हयगय नको म्हणून दर वेळी दोनदा वाचलं.

चौथ्या सोमवारी संध्याकाळी शेजारच्या नागूबाई पेढे घेऊन आल्या. नशीब, तेजश्री आत बाळाला पाजत होती.

"तोंड गोड करा. नातीचं बारसं झालं काल, सुनंच्या माहेरी, मोहोळला."

"अरे वा. काय नाव ठेवलं?"

"पयस्विनी."

माझ्या तोंडात पेढा होता. तो गिळायचा की काढायचा हे कळेना.

"कुठून मिळालं हो हे नाव?"

"देवाचाच कौल म्हनायचा. माजी व्याहीन आली हुती, तिला घेऊन देवळात गेले. मी भाईर नारळ घेत हुते, ती रांगेत. तर गाभाऱ्याकडनं आवाज आला की, अर्थासकट. दोनदा."

"बाईचा आवाज होता का?"

"तिला इचारलं मी. म्हनली, बाईचा न्हाय, लई दणदणीत हुता."

मी दुसरा पेढा घेतला.

मग माझी चौकशी सुरू झाली. कळलं ते असं: देवळाबाहेर फुलं विकणाऱ्या कस्तुराबाईंच्या नातीचं नाव पयस्विनी ठरलंय. (या कस्तुराबाई म्हणजे मी नव्हे. माझं नाव कस्तुरा असलं तरी बाई लावण्याइतका मान मला अजून कुणी दिलेला नाही.) मागच्या गल्लीत टेलरकडेही तेच. रात्री सांगोल्याहून माझ्या भावाचा, येडूचा, फोन आला. दुसऱ्या सोमवारी तो बाळाला बघायला आला होता आणि देवळाबाहेर माझ्या चपला सांभाळत बसला होता.

"आक्का, त्या नावाचा लई गुण हाय बग."

"कुठल्या नावाचा?"

"तूच सांगत हुतीस की देवळात. म्या शेळीला ठिवलं. तवापासनं पावशेर दूध जास्त देतीया. आन् नदी म्हंजे बी चांगलंच की. आमच्याकडं टँकर येतो, नदी शेळीच्या नावात तरी असू दे."

मी फोन ठेवला. यांना सगळं सांगितलं. हे शांतपणे म्हणाले, "त्या कागदावरची लोकप्रियता तेवढी दुरुस्त कर."

बारसं सहा दिवसांवर, रविवारी होतं; मुहूर्त पाचव्या सोमवारच्या आधीचाच निघाला होता. तेजश्रीला सांगावं तर ती खचणार, न सांगावं तर पाळण्याजवळ नागूबाईच सांगणार. आई नसलेली पोर, तिनं माझ्याकडे एकच गोष्ट सांभाळायला दिली होती, आणि मी ती अख्ख्या पेठेला वाटून बसले. सकाळी उठून मी आधी देवाजवळ दिवा लावला, एक नारळ बोलले आणि तिच्या खोलीत गेले.

"तेजश्री, नाव बाहेर गेलं गं."

"कुणाकडे?"

"मोहोळात एक, देवळाबाहेर एक, मागच्या गल्लीत एक. आणि सांगोल्यात एक."

"चार झाल्या?" तिचे डोळे भरून आले. वर्गातल्या त्या चार तेजश्रीच समोर उभ्या राहिल्या असणार.

"तीनच गं," मी घाईनं म्हटलं. "चौथी शेळी आहे."

मग तिनं तोंडावर पदर धरला. खांदे हलायला लागले. मी पाठीवरून हात फिरवत म्हटलं, "रडू नको, माझंच चुकलं." तेव्हा कळलं की ती हसत होती. बाळ दचकून उठलं, तरी तिचं हसू थांबेना. मग थोडी रडलीही, पण ते हसण्यातूनच.

"आई, दुसरं नाव शोधते," डोळे पुसून ती म्हणाली. "पण ते मी तुम्हाला सांगणार नाही."

"आणि पाचवा सोमवार?"

"पाचवा सोमवार बारशानंतर येतो. चार सोमवारांत तुम्ही आठ वेळा सांगितलंय. नंदीला तीन वेळा जास्तच झालं."

हिशोबाला ती पक्की आहे. तरी मी नंदीला मनातल्या मनात विचारलं. तो नाही म्हणाला नाही.

बारशाच्या दिवशी मला स्वयंपाकघरात घुगऱ्यांपाशी बसवलं होतं. तेजश्रीनं घडी केलेली चिठ्ठी पाळण्याजवळ आत्याच्या, म्हणजे माझ्या लेकीच्या, प्रियंकाच्या हातात दिली. बायकांचा कुर्रर्र ऐकू आला, प्रियंकाच्या पाठीत पडलेल्या धपाट्यांचा आवाज आला, आणि प्रियंकानं बाळाच्या कानात नाव सांगितलं. प्रियंका त्याच कारखान्याच्या भिंतीला टेकून वाढलेली. घर दणाणलं.

"कस्तुरा."

मी घुगऱ्यांचा डाव हातात घेऊन बाहेर धावले. "काय गं ए, चारचौघांत आईला नावानं हाक मारतेस?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघून हसत सुटल्या. बाळानं भोकाड पसरलं. तेजश्रीनं चिठ्ठी माझ्या हातात दिली. तेच सुवाच्य अक्षर: नाव: कस्तुरा. अर्थ: बाळाची आजी. मूळ: शुक्रवार पेठ. लोकप्रियता: घरात एक.

मला काही दिसेना. डाव कुणी काढून घेतला तेही कळलं नाही. एवढा मान मला कुठल्याही व्रतानं दिला नव्हता.

"तेजश्री, इतकं कशाला गं," मी कशीबशी म्हणाले. "आणि फुलवाल्या कस्तुराबाई आहेतच की."

"त्या आजी झाल्या. मी नव्या पोरींचं बघते," ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली. कुजबुजणं तिला छान जमतं. "आणि हे नाव सेफ आहे, आई. पस्तीस वर्षं घरातली मोठी माणसं गल्लीत हे नाव ओरडतायत. कुणी उचललं का?"

पाचव्या सोमवारी, नवस अर्धा राहू नये म्हणून, मी देवळात गेलेच. मी दिसताच रांगेत हालचाल झाली. पुढची पोटुशी पोरगी मला वाट देत म्हणाली, "या मावशी, तुमी आदी." तिनं मोबाइल काढून टायपिंगला तयार ठेवला. तिच्या सासूनं पिशवीतून वही काढली.

मी नंदीचा पलीकडचा कान झाकला आणि अगदी हळू आवाजात म्हटलं, "कस्तुरा."

सासूनं वही पिशवीत ठेवली. पोरगी मोबाइल बंद करत म्हणाली, "असू दे मावशी. फुडच्या सोमवारी बगू."