मोबाईल जाळणारे पुंडलिकबाब

आमचे शेजारी पुंडलिकबाब फाशीच्या शिक्षेच्या विरोधात आहेत. माणूस सुधारतो, असं ते म्हणतात. मोबाईलला मात्र त्यांच्याकडे दयामाया नाही. जो कोणी दुसऱ्याचं गाणं किंवा नाटक न विचारता इंटरनेटवर चढवेल, त्याचा मोबाईल सरकारनं दुरूनच जाळून टाकावा, असा ठराव त्यांनी कोरगावच्या ग्रामसभेत मांडला. ते पंच आहेत, त्यामुळे ऐकून घ्यावंच लागलं.

पहिल्या गुन्ह्याला मोबाईलनं शिट्टी मारायची, दुसऱ्याला तापायचं, तिसऱ्याला धूर. तो खिशात असला तर काय, असं कुणीतरी विचारलं. त्यावर, चोरानं सुती पँट घालावी, असा सल्ला मिळाला. आणि पाहुण्यानं आपल्या वायफायवर चोरी केली तर? पुंडलिकबाबांनी बराच विचार केला. पाहुण्याला पेज वाढा, पासवर्ड वाढू नका, म्हणाले. सचिवांनी ठराव वर पाठवायचं कबूल केलं. वर म्हणजे कपाटावर, हे पुंडलिकबाबांशिवाय सगळ्यांना ठाऊक होतं.

स्वतः पुंडलिकबाब रोज सकाळी साऱ्या गावाला गणपतीचं चित्र पाठवतात. कोपऱ्यातलं चित्रकाराचं नाव कापलेलं असतं. मी एकदा तेवढं दाखवून दिलं.

"देवाक मालक कसलो?" म्हणाले. विषय संपला.

या रागाचं मूळ त्यांच्या नाटकात होतं. देवळाच्या जत्रेला दरवर्षी होतं ते नाटक त्यांनीच लिहिलंय आणि राजाही तेच होतात. यंदा ते कुणीतरी मोबाईलवर घेऊन इंटरनेटवर टाकलं. खाली नाव, भीमू फरशीवाला. देवळाची फरशी बसवायला बेळगावकडचा एक भीमू आला होता खरा. तो आता शिरगावला एका घराचं काम करतोय, असं कळलं. पुंडलिकबाबांनी इस्त्रीचे कपडे चढवले आणि मला स्कूटर काढायला लावली. वाटभर मागच्या सीटवर भाषणाची तालीम चालली होती. मी तिथं फक्त साक्षीदार म्हणून मान हलवायची होती.

भीमू सिमेंटच्या पोत्यावर बसून भाकरी खात होता. मुकुट नव्हता, तरी त्यानं राजाला ओळखलं आणि खरकट्या हातानंच उठून उभा राहिला. भाषण सुरू व्हायच्या आधीच बोलला.

"आईला दावायसाठी चढवलं, मालक. लेक घर सोडून जाती आणि राजा दारातच बसतोय नव्हं, तितं लई रडली आई."

पुंडलिकबाबांचं भाषण तिथंच राहिलं. ते दारातलं बसणं तिसऱ्या अंकात आहे. जत्रेत तिसऱ्या अंकापर्यंत मांडव रिकामा होतो. उरतात ते नटांच्या घरची माणसं, आणि तीही चपला शोधत असतात.

"तुझ्या आवयन तिसरो अंक आखो पळयलो?" आईनं तो खरंच पाहिला, यावर त्यांचा विश्वास बसेना.

"आखा. परत लाव म्हणती."

पुंडलिकबाब शेजारच्या पोत्यावर बसले. पँटचं काय झालं ते त्यांनी पाहिलंही नाही. भीमूला जेवण पुरं करायला लावलं, त्याचा मोबाईल मागून घेतला आणि नाटक तिसऱ्या अंकावर नेऊन लावलं. उन्हात नीट दिसेना, म्हणून दुसऱ्या हाताची सावली धरली.

शेवटी मी हळूच विचारलं, ठरावाचं काय करायचं.

त्यांनी मान वर केली नाही.

"जरा राव रे," मला थांबवत म्हणाले. "राजा अजून दारांत बसलो नाय."