ज्योत दिसली की मैदान

विज्ञानाच्या बाईंनी काडी ओढली, बर्नर भक्कन पेटला आणि सगळा वर्ग उठून निघून गेला.

निघून गेला म्हणजे पळाला नव्हे हं! पहिला बाक, मग दुसरा, मग तिसरा. तोंडातून चकार शब्द नाही, हात पाठीशी, रांगेने दाराबाहेर आणि थेट मैदानावर. प्रयोगशाळेत उरले तिघंच: बाई, हेडसर आणि तपासणीला आलेल्या मॅडम.

"हे काय?" मॅडमनी विचारलं.

"शिस्त," हेडसर म्हणाले.

त्याचं असं झालं होतं. हेडसर मूळचे इतिहासाचे. आगीशी त्यांचा संबंध जळालेल्या राजधान्यांपुरता. पण एकदा प्रयोगशाळेतल्या केराच्या टोपलीतून धूर निघाला आणि त्यांनी जी धास्ती घेतली ती घेतलीच. प्रयोगशाळेला कुलूप, किल्ली सरांच्या खिशात. सुरक्षा चष्मे, चरे पडू नयेत म्हणून, खोक्यात बंद. आणि दर शनिवारी कवायत. सर काडी पेटवणार, "ज्योत!" म्हणून ओरडणार की पोरं मैदानावर.

मग प्रयोग कुठे करायचे? बाई ते हवेतच करायच्या. रिकामी परीक्षानळी धरून म्हणायच्या, "आता मी मोरचूद तापवते." पोरं एका सुरात ओरडायची, "रंग उडतो!" "आता पाण्याचा थेंब टाकते." "रंग परत येतो!" मार्क पैकीच्या पैकी. बाईंचा मात्र जीव तुटायचा. कोरड्या जमिनीवर पोहायला शिकवल्यासारखं वाटायचं त्यांना.

आज मॅडम सोक्षमोक्ष लावायला आल्या होत्या. मुलांसमोर एक खरा प्रयोग झाला, तर खोली प्रयोगशाळा म्हणून राहणार. नाहीतर तिथे मोडके बाक रचायचे. बाईंनी सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

पोरांना परत बोलावलं. "अरे बाळांनो, ही आग नाही, हा प्रयोग आहे," बाईंनी बजावलं. आज खोक्यातून बाहेर निघालेले चष्मे लावून सगळ्यांनी माना डोलावल्या. बर्नर पेटला. पहिला बाक उठला.

"बसा खाली!" हेडसर गरजले.

"सर, तुम्हीच सांगितलंय ना," पहिल्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी जाता जाता नम्रपणे म्हणाली, "ज्योत दिसल्यावर कोणी बसा म्हटलं तरी बसायचं नाही. मी म्हटलं तरी नाही."

मॅडमनी घड्याळ पाहिलं. हेडसरांनी कपाळ पुसलं.

"सर," बाई म्हणाल्या, "ज्योत दिसली की ती जाणारच. मग ज्योत दिसूच द्यायची नाही."

भिंतीवर 'सुरक्षितता प्रथम' असा पत्र्याचा फलक होता. बाईंनी तो काढला, टेबलापुढे स्टूल ठेवलं आणि हेडसरांच्या हातात फलक देऊन त्यांना स्टुलावर बसवलं. तोंड वर्गाकडे, पाठ बर्नरकडे, अंतर चांगलं हातभर. बिचारे बसले. पोरं पुन्हा आत येऊन बसली, मग फलकामागे बर्नर पेटला. वर्ग जागचा हलला नाही.

बाईंनी चिमट्यात धरलेली नळी फलकाच्या वर आणली. आत मोरचुदाचे निळेशार खडे. नळी खाली गेली, पुन्हा वर आली. निळा रंग फिका पडला होता आणि काचेला आतून पाण्याचे थेंब लागले होते. पुन्हा खाली, पुन्हा वर. निळ्याचा मागमूस नाही. नळीत पांढरीफेक भुकटी.

"रंग उडतो," असं कोणी म्हणालं नाही. वर्षभर घोकलेलं वाक्य, पण आठवलंच नाही कोणाला. सगळ्यांची तोंडं नुसती उघडी.

हेडसरांना दिसत होती ती तेवढी तोंडं. "काय झालं रे?" ओठ न हलवता त्यांनी पहिल्या बाकाला विचारलं. "माझा कोट पेटलाय का?" कोणाचं लक्षच नाही.

बाईंनी बर्नर बंद करून नळी चांगली गार होऊ दिली. हे हेडसरांना सांगायचं मात्र राहून गेलं. मग बाईंनी नळीत पाण्याचा एक थेंब सोडला.

थेंब पडला तिथे निळा ठिपका उमटला. आणि तो पसरला. बघता बघता पसरला.

"आई गं!" कोणीतरी पुटपुटलं आणि आख्खा वर्ग उठला. हेडसरांनी डोळे मिटले. गेली पोरं, गेली प्रयोगशाळा! पण पावलं दाराकडे गेली नाहीत. सरांच्या दोन्ही बाजूंनी ती टेबलाकडे आली आणि थांबली.

"काय पाहिलंत?" मॅडमनी हळूच विचारलं.

"रंग परत येतो, रंग परत येतो," हेडसर फलकाआडून कुजबुजत होते.

दोन वेण्यांची मुलगी नळीवरून नजर न काढता म्हणाली, "बाई, हे खरंच होतं? आम्हाला वाटलं, फक्त परीक्षेत होतं."

मॅडमनी हेडसरांपुढे हात केला. "सर, किल्ली." सरांनी मुकाट्याने काढून दिली. मॅडमनी ती बाईंच्या हातात ठेवली. "आता ही यांच्याकडे राहील."

शाळा सुटल्यावर बाई नळ्या धूत होत्या, तेवढ्यात दारात हेडसर येऊन उभे राहिले. डोळ्यांवर सुरक्षा चष्मा.

"बाई, सगळ्यांनी बघितलं हो," ते चाचरत म्हणाले. "माझी एकट्याची पाठ होती."

"या ना सर, बसा."

बाईंनी काडी ओढली. बर्नर पेटला. हेडसर उठले, हात पाठीशी बांधले आणि दारापर्यंत गेलेसुद्धा. तिथे जरा घुटमळले. मग परत येऊन पहिल्या बाकावर बसले.

रंग उडाला. नळी गार झाली. थेंब पडला. सर कितीतरी वेळ त्या निळ्या ठिपक्याकडे बघत राहिले.

"बाई," शेवटी ते म्हणाले, "परत एकदा करा ना."